सेलूला गेलेला नारळ

१

व्यासपीठावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधली तेवढी रिकामी होती. गोदातीर विद्यापीठाच्या पत्र्याच्या सभागृहात परभणीचं ऊन वरून भाजत होतं, खाली माणसं निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होती, आणि मधल्या खुर्चीवर बसायचे ते बन्सीधरराव डासाळकर काही केल्या येत नव्हते. फेटा बांधणारा दारात उभा राहून कंटाळला. शेवटी कुलगुरूंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन खिशात टाकला आणि शेजारच्या सुकेशनी वाव्हळे यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. सुकेशनीबाईंचा चेहरा उतरलेला पाहून मागच्या रांगेतल्या लिंबाजी सोळंके सरांना कळलं, की देणगी गेली.

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. अगदी उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

लिंबाजी सर कायद्याचे प्राध्यापक. विद्यापीठात देणगी कक्ष निघाला तेव्हा त्याच्या संचालकपदासाठी त्यांनी अर्ज केला होता, आणि सुकेशनीनंही. ही त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेली पोरगी. खुर्ची तिला मिळाली. पेढे सरांनी हसून खाल्ले, पण ते पेढे त्यांना अजून पचले नव्हते. पेपरात तिचा फोटो आला की सर पान उलटायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा मागे येऊन बघायचे. माणसाचं पोट एकदा दुखायला लागलं की औषध सापडत नाही.

आजची देणगी साधी नव्हती. बन्सीधरराव म्हणजे सेलूचे कापसाचे जिनिंगवाले, याच विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. त्यांचे पैसे ना इमारतीला होते, ना शिष्यवृत्तीला. ते खुद्द देणगी कक्षालाच होते. कक्षात माणसं दोन, आणि गावोगाव विखुरलेले जुने विद्यार्थी हजारोंनी. आणखी तीन अधिकारी नेमायचे, पाच वर्षं त्यांचा पगार बन्सीधररावांनी द्यायचा, तोवर कक्ष आपल्या पायावर उभा राहील, असा बेत होता. रक्कम किती ते इथं सांगत नाही. रक्कम सांगितली की लोक गोष्ट सोडून तिच्यातच अडकतात.

सभागृह रिकामं झालं. शिपायानं हार बादलीत टाकले. तेवढ्यात कुलगुरूंचं बोलावणं आलं, आणि तेही नेमकं लिंबाजी सरांना.

२

"बन्सीधरराव काय म्हणाले, ऐका," कुलगुरू म्हणाले. "म्हणे, तुमच्या बाई प्रत्येक देणगीतून शेकडा कापून स्वतःच्या कक्षावर उडवतात. काल संध्याकाळी विद्यापीठातून कुणीतरी घरी येऊन हे सांगून गेलं. नाव सांगणार नाही, जबान दिली आहे."

"कापतात का?" सरांनी विचारलं. प्रश्न शांत होता, पण आत आशा होती.

"तेच तुम्ही शोधायचं. ही शेकड्याची गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. गेल्या महिन्यात चौघं बसली होती. कक्ष वाढवायला पैसा कुठून आणायचा, असा विषय होता. सुकेशनीबाईंनी तीन वाटा मांडल्या. विद्यापीठानं द्यावा, नाहीतर प्रत्येक देणगीतून थोडा कापावा, नाहीतर कक्षासाठीच एखादा दाता शोधावा. पहिल्या दोन वाटा तिथंच बंद झाल्या, तिसरीतून बन्सीधरराव निघाले. तेव्हा चहाडी करणारं त्या चौघांतलंच आहे."

ती चौघं म्हणजे स्वतः सुकेशनीबाई, त्यांची सहायक प्रियांका कच्छवे, वित्त अधिकारी हरिओम दुधाटे आणि बांधकाम विभागाचे अभियंता बालाजी रेंगे. मागे पेपरफुटीच्या प्रकरणात सरांनी नुसत्या प्रश्नोत्तरांवर माणूस पकडून दिला होता, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं.

कुलगुरूंनी आवाज खाली आणला. "शनिवारी व्यवस्थापन परिषद आहे. तोवर उलगडा झाला नाही तर बाईंना त्या खुर्चीवर ठेवणं मला जमणार नाही. मग ती तुमच्याकडेच येईल. दुसरा माणूस आहे कोण?"

सर बाहेर आले. हवी असलेली खुर्ची मिळवायला त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं काही सापडलं नाही, एवढंच म्हणायचं होतं.

३

हरिओम दुधाटे जेवायला बसले होते. त्यांनी डब्यातून एक वडी काढून सरांपुढे केली.

"घ्या, नारळाची आहे. आमच्या हिच्या भजनी मंडळात दर आठवड्याला कुणाची ना कुणाची ओटी. नारळ घरात आला की दुसऱ्या दिवशी वडी. खाऊन खाऊन आमची साखर वाढली."

"दुधाटे, तुमचा या कक्षाला विरोध होता."

"होता न्हाई, आहे." हरिओमनं बोटं चाटली. "मागायला माणसं ठेवायची, अन् त्या माणसांच्या पगारासाठी पुन्हा मागायचं. मला हे पटत नाही. माझ्या विभागात दोन जागा किती वर्षं रिकाम्या आहेत. त्यांना कुणी दाता मिळतो का? हिशोब लिहिणाऱ्याला फेटा कुणी बांधत नाही, सर."

"मग बाई शेकडा कापत होत्या, हे तुम्हाला माहीत असणार."

इथं हरिओमचा घास थांबला. "कोण म्हणतं? दमडी कापली नाही. देणगीचा प्रत्येक पैसा माझ्या हाताखालून जातो. तो ठराव मीच हाणून पाडला. ती बाई मला आवडत नाही, पण हे खोटं आहे."

सरांना वडी एकदम गोडमिट्ट लागली. जे खरं निघावं असं वाटत होतं, ते वैऱ्यानंच खोटं ठरवलं होतं.

बालाजी रेंगे आपल्या खोलीत शेगडीवर स्वतःच चहा उकळत होते. टेबलाखाली खानावळीचा डबा, अंगात इस्त्री नसलेला शर्ट. भिंतीवर नव्या सभागृहाचा मोठा नकाशा लावलेला होता.

"बसा सर. चहा कडक होईल, आमचा हातच तसा आहे. मंडळी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, नातू रांगायला लागला तरी यायचं नाव न्हाई. घर म्हणजे नुसती धर्मशाळा झालीय."

"हा नकाशा सुंदर आहे."

"दोन वर्षं खपलो त्याच्यावर." बालाजीचा आवाज जरा जड झाला. "बन्सीधररावांना मीच पहिल्यांदा दाखवला. त्यांनाबी आवडला होता. दारावर त्यांचं नाव किती शोभलं असतं. मग बाई गेल्या, अन् त्यांनी कायतरी सांगितलं. असो. पत्र्याखाली बसायची आपल्याला सवय आहेच."

"राग येतो?"

"येतो. का येऊ नये?" बालाजीनं चहा कपात ओतला. "पण म्हणून कुणाच्या घरी चहाड्या सांगत फिरणारा मी न्हाई."

प्रियांका कच्छवे तिशीतली, सासर पालमकडचं. देणगीदारांच्या दारात तीच आधी जायची. फोटोच्या वेळी मात्र ती कॅमेऱ्याच्या मागे असायची. नवीन तीन पदांबद्दल विचारताच ती फटकन बोलली.

"पुण्याहून शिकून आलेली माणसं येणार, सर, अन् माझ्या वर बसणार. एसटीनं गावं हिंडून हिंडून चपला झिजवल्या मी, पगार वाढणार त्यांचा. मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?"

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

तिनं खाली पाहिलं. मग मान वर केली आणि म्हणाली, "सेलूला."

४

"बन्सीधररावांच्या घरी?"

"घरी नाही. जिनिंगवर, त्यांच्या मॅनेजरकडं. गाडी किती वाजता पाठवायची ते ठरवायला मॅडमनीच पाठवलं होतं. तेवढं करून मी परतीची एसटी धरली. तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून आधी बोलले नाही."

सरांना खरं वाटलंही आणि नाहीही. ते तसेच सुकेशनीबाईंच्या खोलीत गेले. ही कक्षाची खोली म्हणजे पूर्वीचं भांडार. तिच्यात दोन टेबलं कशीबशी मावली होती.

सुकेशनीनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. सरांना हा मान बोचला. तिनं उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं.

"सर, शेकडा घ्यायचं मीच सुचवलं होतं. नको म्हटलं सगळ्यांनी, मी सोडून दिलं. इमारतीला द्यायला सगळे तयार असतात, तिथं नाव दिसतं. मागायला जाणाऱ्या माणसाच्या पगाराला कोण देणार? बन्सीधररावांना एवढंच म्हणाले, काका, तुमी सरकी विकता, पुढच्या वर्षाचं बी कुणीतरी राखून ठेवलंच पाहिजे ना. ते हसले, अन् हो म्हणाले."

"एवढ्यात हो म्हणाले?"

"त्याआधी चार वेळा गेले होते. घरात जाऊन बसावं लागतं, सर. चहाला एकवेळ नको म्हटलं तर चालतं, पण घरच्या बाईनं ओटी भरायला घेतली तर उठू नये. आम्ही बौद्ध, आमच्यात ते नाही. पण समोरचीची माया असते, मी पदर पुढे करते. नारळ घरी नेला की दुसऱ्या दिवशी आईच्या कालवणात. तिच्या हातून काही वाया जात नाही."

ती हसली, आणि मग एकाएकी तिचे डोळे भरले. "हा कक्ष बंद पडला तर प्रियांकाची नोकरी आधी जाईल, सर. ती कंत्राटावर आहे. नवीन तीन पदांतलं पहिलं तिलाच द्यायचं मी बन्सीधररावांकडून कबूल करून घेतलं होतं. तिला सांगणार होते आज, सभागृहात."

प्रियांकाला हे माहीत नव्हतं, म्हणजे तिच्याकडे कारण होतं. हरिओमकडे होतं, बालाजीकडेही होतं. आणि कारणच मोजायचं म्हटलं, तर सर्वांत मोठं कारण तपास करणाऱ्याच्याच पोटात होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सर सेलूला उतरले. बन्सीधररावांनी स्वागत केलं, पाणी दिलं, पण त्या माणसाचं नाव काही काढू दिलं नाही.

"मास्तर, जबान म्हंजी जबान. कोण आलं ते इचारू नका. आमी पैसा घामाचा देतो. त्यातला हिस्सा कुणी मधीच खायलाय म्हटल्यावर मन उडालं."

ते जिनिंगवर निघून गेले. सर चपला घालत होते, तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी पार्वतीबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक शाल आणि एक नारळ होता.

"गुरुजी, हे तुमच्या इद्यापीठात वापस न्या. मी परवा सांजच्याला देवळात हरिपाठाला गेलते, आले तर हे टेबलावर. कोण ठिवून गेलं आमचे हे सांगंनात. पण असला नारळ माझ्या घरात नको."

"का हो?"

"बघा की." त्यांनी नारळ पुढे धरला. शेंडीच्या काथ्यात तांदळाचे तीन-चार दाणे अडकले होते, हळदीनं पिवळे, कुंकवानं लाल. "हा कुण्या सवाष्णीच्या ओटीतला हाय. ओटीचा नारळ घरातच खायाचा असतो. तो का कुणी परक्याच्या घरी देतं? सत्काराला म्हणून? अन् वर हलवून बघा."

सरांनी नारळ कानाशी हलवला. पाण्याचा आवाज नव्हता. आत खोबऱ्याचा सुटलेला गोटा खडखडला.

सर ओट्यावर पुन्हा बसले. पार्वतीबाईंना वाटलं, गुरुजींना चक्कर आली.

६

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सरांनी सगळं जुळवलं. कुणाच्या घरी मोठ्या माणसाला भेटायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. जाणाऱ्याला घाई होती. कपाटात पडलेली सत्काराची शाल आणि घरात दिसला तो नारळ उचलून तो निघाला. पण ओटीचा नारळ आहे हे त्याला कळलं नाही. प्रियांकाच्या हातून हे व्हायचं नाही. सासुरवाशीण बाई झोपेतही ती चूक करणार नाही. म्हणजे हे काम पुरुषाचं, किंवा ज्यांच्यात ओटी नाही अशा बाईचं.

सुकेशनीचं नाव डोक्यात आलं तसं सरांच्या छातीत लख्ख झालं. ती ओटी घेते, तिला नियम ठाऊक नसणार. एका स्टेशनापुरते सर फार सुखात होते. मग त्यांनी स्वतःलाच विचारलं, आपल्याच ताटात कुणी माती कालवतं का? आणि तिच्या घरचा नारळ तर दुसऱ्या दिवशीच कालवणात जातो. हा नारळ महिनोन्‌महिने पडून वाळला होता. सरांना स्वतःच्या त्या सुखाची लाज वाटली.

राहिले दोघं. हरिओमच्या घरी ओटीचे नारळ येतात खरे, पण तिथं वडीच संपत नाही. ओटीचा नारळ गोटा होईपर्यंत राहतो, तो अशाच घरात, जिथं ओटी भरली गेली आणि मग घरची बाई महिनोन्‌महिने परतलीच नाही.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बाईची शेजारणींनी ओटी भरली असणार. आणि आता तिचा नातू रांगत होता.

७

बालाजीनं नारळाकडे बघितलं आणि शेगडी बंद केली.

"फळीवर होता," तो म्हणाला. "मला वाटलं, नारळ तो नारळ."

"शेकडा कापतात हे खोटं आहे, माहीत होतं तुम्हाला."

"होतं." बालाजीनं नाकारलं नाही. "सर, दोन वर्षं मी त्या माणसाच्या दारात नकाशा घेऊन गेलो. हातातोंडाशी आलेला घास. अन् ही बाई जाते, चहा पिते, माया लावते, अन् घेऊन येते. माझ्या भिंती दिसतात, माझा दगड दिसतो. तिचं काय दिसतं? तरी माणसं तिच्याकडंच जातात. तिचा फोटो आला की मला जेवण जात न्हाई. तुमाला न्हाई कळायचं."

बालाजी बोलत होता आणि सरांना ते सगळं आपल्याच पोटातून निघाल्यासारखं वाटत होतं. त्यांना फार राग आला, आणि तो बालाजीचा नव्हता.

"कळतं," ते म्हणाले.

बालाजीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्याला उमगलं. खुर्ची ओढून तो जवळ सरकला. "मंग गप बसा ना, सर. नारळ माझ्याकडं द्या. शनिवारी ती खुर्ची तुमची. माझं सभागृह तुमी मागायला जा बन्सीधररावांकडं. दोघांचंबी भलं होईल."

सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशा खरोखरच सुंदर होता. मग त्यांनी नारळ पिशवीत घातला आणि ते कुलगुरूंच्या खोलीकडे चालू लागले.

८

शुक्रवारी विद्यापीठाची जीप सेलूला गेली. सुकेशनी बाहेर जीपपाशीच थांबली. बन्सीधररावांनी तिला आत बोलावलं नव्हतं. सर एकटेच बैठकीत गेले. त्यांनी नारळाची सगळी हकीकत सांगितली आणि बालाजीचं नाव घेतलं. बन्सीधरराव हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दारात उभ्या पार्वतीबाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"अन् शेकड्याचं?" बन्सीधररावांनी विचारलं.

"आमच्या वित्त अधिकाऱ्याला ती बाई डोळ्यासमोर नको असते. तोच सांगतो, दमडी कापली नाही."

"दुश्मन सांगायलाय म्हंजी खरं धरावं लागंल." बन्सीधरराव गादीवर पुढे झुकले. "पर मास्तर, एक राहिलं. मी पैसा माणसाकडं बघून देतो. ती तुमची शिष्या. अन् मी ऐकलंय, त्या जाग्यासाठी तुमीबी अर्ज केलता. आता तुमीच सांगा, ह्या कामाला ती लायक हाय का?"

बाहेर उन्हात जीपपाशी सुकेशनी उभी होती, खिडकीतून तिचा पदर दिसत होता. तिची सहनशक्ती, तिचं स्टुलावर बसणं, तिचं सरकीचं बी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यातली एकही गोष्ट आपल्याला सुचली नसती हेही. शंका पेरायला फार लागत नाही. 'तशी बरी आहे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि तांब्या खाली ठेवला.

"हाय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा लायक हाय."

"हे म्हणायला लय जड गेलं तुमाला."

"गेलं."

"अजूनबी जळायलाय का पोट?"

"जळायलाय."

"मंग खरंच बोललात," बन्सीधरराव म्हणाले आणि आतल्या दाराकडे वळले. "ऐकलं का, बाहेर जीपपाशी त्या बाई उन्हात उभ्या हायत. त्यांना आत बोलवा."